बेचाळीस पावलांचा महादेव

एखाद्या नावाड्याने सरकारचा दगड उचलून आपल्या अंगणात महादेव म्हणून मांडला, बारा वर्षे त्याला नित्यनेमाने पाणी घातले, आणि त्यामुळे दोन देशांमधली सीमा बेचाळीस पावले सरकली, तर त्या माणसाला अपराधी म्हणावे की भक्त, असा हा प्रश्न आहे. धर्मशास्त्र वाचण्यात माझे आयुष्य गेले. त्यात चोरलेल्या मूर्तीचा विचार आहे, भंगलेल्या मूर्तीचा आहे, पुरात वाहून आलेल्या मूर्तीचाही आहे. क्रमांक घातलेल्या सीमास्तंभाचा नाही. तेव्हा उत्तर मला शास्त्राबाहेर जाऊन शोधावे लागले, आणि ते मी कसे शोधले हे आजवर मी कोणाला सांगितलेले नाही.

"गुरुजी, 'भरतखंडे' हा शब्द काढावा लागेल," उद्धव म्हणाला.

नेपाळच्या तराईला लागून असलेल्या एका लहानशा नदीच्या काठी, कापडी तंबूत आम्ही बसलो होतो. वैशाखातली सकाळ होती आणि चहाची चौथी फेरी चालू होती. उद्धव पाचपुते हा मिरजेच्या शाळेतला माझा विद्यार्थी. संस्कृतात तो दरवर्षी पस्तीस गुणांवर सुटे आणि निकालाच्या दिवशी पेढे घेऊन माझ्या घरी येई, जणू त्या पस्तिसांत माझाच पराक्रम होता. पुढे तो सीमेवरच्या दलात मोठा अधिकारी झाला. मी काशीला महिनाभर मुक्कामाला आहे हे कळताच त्याने गाडी पाठवली होती आणि निरोप दिला होता की दोन देशांची अब्रू माझ्या हातात आहे. एवढी मोठी वस्तू हातात घेण्याची मला सवय नव्हती. पण गाडीत बसलो.

प्रकरण असे होते. बारा वर्षांपूर्वीच्या महापुरात सीमेवरचा एक दगडी खांब नाहीसा झाला. पुढच्या हिवाळ्यात दोन्ही बाजूंची गस्त आली तेव्हा खांब दिसला. मात्र तो झगरू केवट नावाच्या नावाड्याच्या अंगणात, पिंपळाखाली, शेंदूर लावलेला आणि बेलपत्रांनी झाकलेला दिसला. गस्तीने नमस्कार केला. वहीत 'स्तंभ सुस्थितीत' अशी नोंद झाली. त्यानंतर दरवर्षी दोन्ही देशांचे जवान एकत्र येऊन त्याला चुना लावीत, झगरूच्या घरचा प्रसाद खात आणि तीच नोंद करीत. सुरक्षाविषयक सहकार्य म्हणतात ते याहून निर्वेध कुठे चालले असेल असे मला वाटत नाही. अखेर उपग्रहाने मोजणारे यंत्र आले आणि त्याने सांगितले की सीमा भारताच्या अंगाला बेचाळीस पावले आत आलेली आहे.

खांब मूळ जागी नेणे दोन्ही सरकारांना मान्य होते. गावाला मान्य नव्हते. देवाला पहारेकऱ्यांनी हात लावू नये, देवत्व विधिपूर्वक काढून घ्यावे, मग दगड न्यावा, असे दोन्ही तीरांवरच्या माणसांनी सांगितले. आता पुरोहित कोणाचा, हा वाद सहा महिने चालला. आपल्याकडचा पुरोहित नेपाळला चालेना, नेपाळचा आपल्याला. शेवटी नेपाळच्या सशस्त्र प्रहरींचे उपअधीक्षक दामोदर पौड्याल यांनीच मार्ग काढला. पशुपतिनाथाचे मुख्य पुजारी पिढ्यान्‌पिढ्या कर्नाटकातून येतात, तेव्हा दक्षिणेतला ब्राह्मण आम्हाला परका नाही, असे ते म्हणाले. मिरज कर्नाटकाला लागून आहे, हे उद्धवने लगोलग नकाशावर दाखवले. माझी विद्वत्ता कोणी विचारली नाही. माझे अक्षांश-रेखांश पुरेसे होते.

आता अडले होते संकल्पावर. कोणताही विधी करताना प्रथम संकल्प सोडावा लागतो, आणि त्यात आपण कोणत्या काळी, कोणत्या देशात, कोणत्या नदीच्या कोणत्या तीरावर बसलो आहोत हे स्पष्ट म्हणावे लागते. आमच्या पूर्वजांनी ही प्रथा घातली तेव्हा त्यांच्यासमोर दोन परराष्ट्र मंत्रालये नसावीत.

'भरतखंडे' म्हणायला मोजणी खात्याचे माथुर उत्सुक होते. दिल्लीहून आलेले हे गृहस्थ सडपातळ, काटेकोर आणि सदैव कोरड्या घशाचे होते. संयुक्त कार्यवृत्त लिहिण्याचे काम त्यांच्याकडे होते. पौड्याल गोरेपान, स्थूल, आणि ज्यांना हसण्याची घाई नसते अशांपैकी. आमचे सगळे बोलणे हिंदीतून चाले. मी ते माझ्या भाषेत सांगतो आहे.

"नेपाळ भरतखंडात आहे हे पुराणांना मान्य आहे," पौड्याल शांतपणे म्हणाले. "आमच्या मंत्रालयाला विचारावे लागेल. उत्तर यायला एक पावसाळा जातो."

नदीचे उत्तर तीर म्हणावे तर माथुरांची हरकत, दक्षिण तीर म्हणावे तर पौड्यालांची. कारण नदीनेही त्या पुरात आपले पात्र बदलले होते आणि कोणालाच न विचारता बदलले होते. शेवटी 'हिमवतो दक्षिणे पार्श्वे, नदीतीरे, शुभस्थाने' एवढ्यावर तह झाला. हिमालयाच्या दक्षिणेला, एका नदीच्या काठी, चांगल्या जागी. माथुरांनी ते कागदावर लिहून घेतले, दोघांनी त्यावर सह्या केल्या, आणि तो कागद माझ्या पळीपंचपात्राशेजारी दगडाखाली ठेवण्यात आला. माझ्या आयुष्यात मी हजारो संकल्प सोडले. राजमान्य असा तेवढा एकच.

नऊच्या सुमारास आम्ही झगरूच्या अंगणात गेलो. दोन्ही गावांतली माणसे दाटीवाटीने उभी होती. दोन्ही बाजूंचा एकेक शिपाई चित्रण करणारे यंत्र खांद्यावर घेऊन समोर उभा राहिला, कारण सर्व विधीचे चित्रण दोन्ही राजधान्यांना जायचे होते. झगरू धुतलेले धोतर नेसून पाटावर बसला होता. सत्तरीचा, काळाभोर, रुंद खांद्यांचा माणूस. त्याला सकाळीच उद्धवने आपल्या परीने समजावले होते की बाबा, तू फक्त हात जोडून बस. खांब पुरात वाहत येऊन इथे अडकला, असे सर्वांनी धरून चालायचे ठरले होते. माथुरही ते धरून चालणार होते. कोणी स्पष्ट सांगितल्यावाचून ते काही लिहीत नसत.

हे मला कोणी सांगितले नव्हते. सांगितले असते तरी काय केले असते कोण जाणे, कारण विधीच्या बाबतीत मी तेव्हा फार सोवळा होतो. देवत्व ज्याने आवाहन करून आणले, त्यानेच निरोप द्यायचा असतो. म्हणून मी खणखणीत आवाजात, दोन्ही यंत्रांसमोर विचारले की या देवाची स्थापना कोणी केली.

उद्धवने डोळे मिटून घेतले. झगरू मात्र ताठ बसला. बारा वर्षांत त्याला हे कोणी आदराने विचारले नसावे.

"मी केली, पंडितजी," तो म्हणाला. "पुराच्या दिवशी नावेत सतरा माणसं होती. काही इकडची, काही तिकडची. वल्हं मोडलं. नाव भोवऱ्यात फिरायला लागली, बायका ओरडायला लागल्या, मी म्हटलं आता संपलं. तेवढ्यात खालून काहीतरी लागलं आणि नाव थांबली. सकाळपर्यंत तशीच थांबली. पाणी उतरल्यावर बघतो तर हा. आडवा पडलेला, निम्मा वाळूत, आणि आमची नाव त्याच्या छातीवर. आता तुम्हीच सांगा, असा कोण थांबतो?"

झगरूने पिंपळाकडे हात केला.

"मग दोन्ही जावयांना बोलावलं. एक तिकडचा, एक इकडचा. बैल जुंपले आणि ओढून आणला. वाळूत कसा ठेवणार त्याला?"

माथुरांनी खिशातून लेखणी काढली. पुढचा थोडा वेळ ते आणि उद्धव एका बाजूला जाऊन बोलत होते, पण माथुर खालच्या आवाजात बोलणाऱ्यांपैकी नव्हते. त्यांचे म्हणणे असे की आता कबुली चित्रणात आली आहे. ती कार्यवृत्तात घ्यावीच लागेल. सीमेचा खांब हलवणे हा गंभीर गुन्हा. नाव लिहिले की पोलिसांत तक्रार, तक्रार झाली की अटक, आणि खांबाला लागून असलेली ती झोपडीही मोकळी करून घ्यावी लागेल. उद्धवने म्हातारा सत्तरीचा आहे असे सांगून पाहिले. माथुर म्हणाले की वयाचा रकाना कार्यवृत्तात आहे, तो भरता येईल.

पौड्यालही अडचणीत सापडले होते. ती वाळू त्या वर्षी नेपाळच्या हद्दीत होती. नाव लिहिले गेले तर त्यांनाही झगरूची मागणी करणे भाग होते, आणि त्याच्या तिकडच्या जावयाला तर त्यांना स्वतःच पकडावे लागले असते. दोन देश एका गोष्टीवर इतक्या चटकन एकमताला आल्याचे मी त्या दिवसात प्रथमच पाहिले.

झगरूला यातले किती कळले ते सांगता येत नाही. तो माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "पंडितजी, मी चुकीचं बोललो का?"

"नाही," मी म्हटले. ते खरे होते. चुकीचे मी विचारले होते.

"मग पुढे चालवा," तो म्हणाला. "हिमालयाकडे, सासुरवाडीला निघालेल्या महादेवाला दारात किती वेळ उभं करायचं?"

मी हातात पाणी घेतले. मन ठिकाणावर नव्हते. एका निरपराध माणसाला मी माझ्या सोवळेपणापायी तुरुंगाच्या दारात नेऊन बसवले, हेच डोक्यात घुमत होते. जीभ मात्र आपल्या जुन्या रस्त्याने निघाली. विष्णूचे नाव झाले, कल्प झाला, मन्वंतर झाले, आणि शेजारी दोन देशांच्या सह्यांचा कागद फडफडत असताना मी स्पष्ट, सुस्वर म्हणालो: "दण्डकारण्ये देशे, गोदावर्या दक्षिणे तीरे."

मिरजेच्या माणसाच्या तोंडी हे शब्द असे बसलेले असतात की झोपेत हलवले तरी तेच येतील. मी पाणी सोडले. पाणी ताम्हनात पडल्यावर मला कळले.

पहिले कळले ते पौड्यालांना. त्यांचे पोट हलू लागले. मग त्यांनी टोपी काढून तोंडापुढे धरली.

"काय झाले?" माथुरांनी विचारले.

"काही नाही," पौड्याल टोपीआडून म्हणाले. "नेपाळची हरकत नाही. भारताची नसेल तर हा खांब आता महाराष्ट्रात आहे."

माथुरांना अर्थ समजावून द्यावा लागला. समजल्यावर त्यांचा चेहरा पांढरा पडला. दोन्ही राजधान्यांत हे चित्रण पाहिले जाणार होते. सीमास्तंभाची जागा निश्चित करण्यासाठी आलेल्या संयुक्त पथकाच्या तटस्थ पुरोहिताने देवासमोर तो स्तंभ शेकडो मैल दक्षिणेला असल्याचे घोषित केले होते, आणि शेजारी बसलेल्या दोन अधिकाऱ्यांनी हात जोडले होते.

"हे पाठवता येणार नाही," ते म्हणाले. "पुसून टाका. दोन्ही यंत्रांवरचे. पुन्हा पहिल्यापासून करू. शब्दशः. तो प्रश्न, ते उत्तर, सगळे. आता ते उत्तर महत्त्वाचे आहे."

दोन्ही शिपायांनी त्यांच्यासमोर चित्रण पुसले. माथुर माझ्याकडे वळले आणि नम्रपणे म्हणाले, "पंडितजी, पुन्हा करता येईल ना?"

वास्तविक चुकलेला संकल्प सुधारायला आचमनाइतका वेळ लागतो. विष्णुस्मरण करावे, पुन्हा म्हणावे. दोष राहत नाही. पाठशाळेतल्या आठ वर्षांच्या विद्यार्थ्याला हे ठाऊक असते. आणि मी तो माणूस होतो की ज्याने पदरचे वचन शास्त्राचे म्हणून सांगणाऱ्या एका हुशार विद्यार्थ्याला परीक्षेत नापास केले होते आणि त्याच्या वडिलांनी पाय धरले तरी निकाल बदलला नव्हता.

"नाही," मी म्हणालो.

"का?"

"शास्त्र नाही."

"कुठे लिहिले आहे?" माथुरांनी लेखणी सरसावली.

मी क्षणभर पिंपळाकडे पाहिले. "शिलाचालनपद्धती," मी म्हणालो. "तिसरा अध्याय." असा ग्रंथ नाही. कधी नव्हता. माथुर लेखणी खाली ठेवीनात, तेव्हा मी श्लोकही म्हणू लागलो. घरंगळत असलेल्या माणसाने हाताला येईल ते गवत धरावे तसे एकेक अक्षर धरीत गेलो.

"सङ्कल्पिता शिला यत्र न पुनस्तत्र कल्पयेत्..."

ज्या शिलेवर एकदा संकल्प सुटला, तिथे पुन्हा सोडू नये. इथवर आलो आणि थांबलो. श्लोकाला दुसरी ओळ लागते. ती माझ्याजवळ नव्हती. साठ वर्षांची माझी सारी विद्या समोर उभी राहून पाहत होती.

"तिसरा नव्हे, गुरुजी," पौड्याल म्हणाले. "चौथा अध्याय."

मी त्यांच्याकडे पाहिले. त्यांनी टोपी डोक्यावर नीट घातली होती. लहानपणी सात वर्षे ते काशीच्या पाठशाळेत होते हे त्यांनी मला तंबूत सांगितले होते; म्हणजे संकल्पाचा दोष कसा जातो हे त्यांनाही माझ्याइतकेच ठाऊक होते. त्यांनी डोळे मिटले आणि पाठांतर आठवणाऱ्या माणसासारखे, जरा लांबवत, ती ओळ पुरी केली:

"द्वादशाब्दं प्रतीक्षेत मौनं रक्षेच्च सर्वदा।"

बारा वर्षे वाट पाहावी, आणि सर्वदा मौन राखावे. वृत्तात तसूभर खोट नव्हती. अर्धा श्लोक भारताचा, अर्धा नेपाळचा. उत्तरार्ध अधिक चांगला होता, आणि त्यातला शेवटचा चरण माझ्यासाठी होता, हेही मला कळले.

"आम्हाला पाठ होता हा," पौड्याल म्हणाले. "न आला तर छडी मिळे."

माथुर उद्धवकडे वळले. "तुम्ही यांच्याकडे शिकलात. हे खरे आहे?"

उद्धवने मान डोलावली. "सर, हा श्लोक परीक्षेत आला होता," तो गंभीरपणे म्हणाला. "मी ऑप्शनला टाकला."

माथुर हिशेब करू लागले. बारा वर्षे थांबायचे म्हणजे त्यांच्या निवृत्तीच्याही पलीकडे जायचे होते. नदीला पंधरवड्यात पाणी चढणार होते. खांब आज हलवायचा तर विधी आहे तिथून पुढे चालवायला हवा होता, आणि विधी आहे तिथून पुढे चालवायचा तर झगरूला कोणी काही विचारण्याची वेळ निघून गेली होती. चित्रण तर स्वतः त्यांनीच पुसायला लावले होते.

"विधी चालू ठेवा," ते म्हणाले. मग कागद मांडीवर घेऊन त्यांनी सावकाश लिहिले आणि दोघांना वाचून दाखवले. महापुरामुळे स्थानभ्रष्ट झालेला स्तंभ उभय देशांच्या सहकार्याने मूळ जागी स्थापित करण्यात आला. नाव कोणाचे नव्हते. पौड्यालांनी सही केली. उद्धवने केली. माथुर मला म्हणाले की तेवढा श्लोक मात्र मला एका कागदावर लिहून द्या, फायलीला लावतो. मी लिहून दिला. त्यांना तो खराच वाटला असावा. की समजूनच काही म्हणाले नाहीत, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही.

मग मी झगरूच्या महादेवाचे देवत्व कलशात घेतले. ते मात्र मी यथाशास्त्र केले, एक अक्षर इकडचे तिकडे न करता. झगरूने निरोपाचे फूल वाहिले तेव्हा त्याचा हात खांबावरून निघेना. पौड्यालांनी नदीतून एक गुळगुळीत काळा दगड मागवून ठेवला होता. कलशातले पाणी त्यावर घातले आणि तो पिंपळाखाली बसवला. खांब उचलून नेताना जवानांनी शेंदूर पुसला नाही. कोणी सांगितलेही नाही.

निघताना झगरूने मला विचारले की महादेव नव्या दगडात नक्की आला ना. मी आला म्हणालो.

"तुम्ही बोलावलंत म्हणजे आला असेल," तो म्हणाला. "तुम्ही खोटं बोलणारे नाही."

मी गाडीत बसलो.

पाच वर्षांनी पौड्यालांचे पत्र आले. ते निवृत्त होऊन गावी राहत होते. झगरू त्याच अंगणात, पिंपळाच्या सावलीला बसल्या जागी शांतपणे गेला, असे त्यांनी कळवले होते. आणखी एक बातमी होती. माथुरांच्या फायलीतला तो श्लोक कोणीतरी वाचला, आणि लोकांनी पूजा मांडलेल्या सीमास्तंभांविषयीच्या दोन्ही बाजूंच्या सूचनांत त्याचा आधार घेण्यात आला. एकदा विधी झाला की बारा वर्षे तिथल्या देवाला आणि तिथल्या माणसांना त्रास द्यायचा नाही. म्हणजे आमचे असत्य आता शास्त्र झाले होते, दोन राजमुद्रांसह. पौड्यालांनी खाली लिहिले होते की आपण दोघांनी याचे प्रायश्चित्त घ्यावे काय, याचा गुरुजींनी निर्णय द्यावा.

मी सारे ग्रंथ पुन्हा उघडले. असत्याला प्रायश्चित्त आहे, शास्त्राच्या नावावर केलेल्या असत्याला तर मोठे आहे; ते मी कागदावर उतरूनही काढले. ते करायचे तर आधी पश्चात्ताप व्हावा लागतो. आज मी अठ्ठ्याऐंशी वर्षांचा आहे आणि तो अजून झालेला नाही. तसे मी पौड्यालांना कळवले. त्यांचे उत्तर एका ओळीचे आले की तिकडेही तीच स्थिती आहे.

रोज संध्याकाळी देवापुढे बसलो की मी त्या सर्वांची नावे घेतो. उद्धवला दीर्घायुष्य लाभो. पौड्यालांची वाणी अशीच प्रसन्न राहो. माथुर जिथे असतील तिथे त्यांचे कागद नीट लागलेले असोत आणि मन निश्चिंत असो. झगरूच्या मुली, दोन्ही जावई, आणि त्या नावेतली सतरा माणसे, इकडची व तिकडची, सुखात नांदोत. त्यांच्या नदीला पाणी बेताचे राहो.